पीओपीची भुकटी आणि पाण्यातले बारके जीव

‘पीओपी पाण्यात विरघळत नाही’ हे वाक्य दर भाद्रपदात इतक्यांदा कानावर पडतं, की ते खरं आहे का हे विचारायचं कुणाला सुचत नाही. पीओपी विरघळतं. सावकाश विरघळतं आणि एका हद्दीपर्यंतच विरघळतं, एवढंच. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाणी साधारण २.४ ग्रॅम जिप्सम, म्हणजे घट्ट झालेलं पीओपी, सामावून घेतं. त्यापुढचं तळाशी बसून राहतं. म्हणजे दोन किलोची घरगुती मूर्ती पुरती विरघळायची तर सव्वाआठशे लिटर पाणी हवं, तेही सतत ढवळलेलं. बादलीत सोडलेली मूर्ती चार दिवसांनी जशीच्या तशी दिसली, तर त्यात नवल काही नाही.

त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य म्हणजे ‘पीओपीमुळे तळ्यातले जीव मरतात’. याची शहानिशा मात्र नुसत्या आकडेमोडीने होत नाही. त्यासाठी जिवांनाच विचारावं लागतं, आणि तसं विचारण्याची एक ठरलेली, कंटाळा येईल इतकी काटेकोर पद्धत आहे. मूर्तीवरून गेली काही वर्षं जी भांडणं चालली आहेत, त्यांत या पद्धतीचं नाव फारसं कुणी घेत नाही.

आमच्या बंगळुरूत गौरी गणपतीच्या आधी येते. तृतीयेला स्वर्णगौरी, चतुर्थीला गणेश. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या घरांची पहिल्या वर्षी हमखास तारांबळ उडते. विसर्जनासाठी सँकी, हलसूर, येडियूर, हेब्बाळ अशा तळ्यांच्या काठी कल्याणी आहेत. कल्याणी म्हणजे पायऱ्यांचं कुंड, मुख्य तळ्यापासून वेगळं राखलेलं. शिवाय पाण्याच्या टाक्या चढवलेली वाहनं वस्त्यांमधून फिरतात. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई केली त्याला बरीच वर्षं झाली. फ्रेझर टाउनजवळच्या पॉटरी टाउनमध्ये कुंभार मातीच्या मूर्ती करतात आणि त्यांना गिऱ्हाईकही आहे. तरी पांढरी, हलकी, चकचकीत मूर्ती बाजारात कुठून तरी येतेच. आणि मग ती पाण्यात जाते.

पीओपी म्हणजे मुळात खनिजाची भुकटी. जिप्सम हा कॅल्शियम सल्फेटचा दगड. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दोन रेणू चिकटलेले असतात. तो सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पीओपीची पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवलं की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते, थोडी तापते आणि काही मिनिटांत घट्ट होते. म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती रासायनिकदृष्ट्या पुन्हा जिप्समच असते. खाणीतून निघालेल्या दगडात आणि तिच्यात रंग, वॉर्निश आणि काथ्या सोडला तर फरक नाही. खडू, भिंतीचा गिलावा, हाड मोडल्यावर घालायचं प्लास्टर ही सगळी याच घराण्यातली मंडळी. शेतकरी खारपड जमीन सुधारायला जिप्सम टाकतात, तेही हेच.

मग असा पदार्थ विषारी आहे का, हे ठरवायला बोलावतात डॅफ्नियाला.

डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला एक कवचधारी जीव. पिसवेसारखा टुणकन उडत पोहतो, पण नात्याने कोळंबीच्या जवळचा. प्रयोगशाळांचा आवडता डॅफ्निया मॅग्ना वाढून पाच मिलिमीटरपर्यंत जातो, तोही मादी असेल तर. आपल्या दक्षिणेतल्या तळ्यांत याचे धाकटे भाऊबंद जास्त: डॅफ्निया कॅरिनाटा, सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा आणि सांडपाण्याच्या तळ्यांतही तग धरणारा मॉयना मायक्रुरा. मॉयना जेमतेम एक मिलिमीटरचा. पांढऱ्या बशीत तळ्याचं पाणी घेऊन उन्हात धरलं तर धक्के खात वर-खाली होणारे ठिपके दिसतात, ते हे. यांचं काम म्हणजे दिवसभर पाणी गाळणं. छातीखालच्या पायांना बारीक केसांच्या चाळण्या असतात. त्यांतून पाणी ढकलायचं आणि अडकलेलं शेवाळ तोंडाकडे सारायचं. हे जीव असले की तळ्याचं पाणी निवळ राहतं आणि माशांच्या पिल्लांना खायला मिळतं. ते गेले की शेवाळाला रान मोकळं होतं आणि पाणी पालकाच्या रसासारखं दिसू लागतं.

सूक्ष्मदर्शकाखाली डॅफ्नियाचं शरीर आरपार दिसतं. पाठीशी मिनिटाला दोनशेच्या वर ठोके देणारं हृदय, डोक्यात एकच काळा डोळा, मधोमध वळलेलं आतडं. शेवाळ खाल्लेलं असेल तर आतडं हिरवंगार असतं. त्याच पाण्यात पांढरी भुकटी कालवली, तर तासाभराच्या आत ती हिरवी रेघ पुढून मागे पांढरी होत जाते. चाळणीला शेवाळाचा कण कुठला आणि दगडाचा कुठला हे नीटसं कळत नाही. आकार जुळला की झालं. भुकटीच्या परीक्षेतली पहिली अडचण इथेच आहे. नेहमीचं विष पाण्यात विरघळून कल्ल्यांतून आत शिरतं. भुकटी दोन वाटांनी त्रास देते: थोडी विरघळून, आणि उरलेली कणांच्या रूपात पोट भरून, चाळण्या तुंबवून, कवचाला चिकटून. एकाच बीकरमध्ये दोन्ही चालू असतात आणि मेलेला जीव कशाने मेला हे तो सांगत नाही.

आधी सरळ चाचणी कशी होते ते पाहू. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, या संस्थेने तिचे नियम लिहून ठेवले आहेत. डॅफ्नियाच्या तातडीच्या चाचणीचा क्रमांक २०२. भारत २०११ मध्ये या संघटनेच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी झाला. तेव्हापासून ठरलेल्या शिस्तीने भारतीय प्रयोगशाळेत केलेली चाचणी युरोपातही ग्राह्य धरली जाते. बंगळुरू आणि आसपासच्या परिसरात अशी कामं करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. तिथे औषधं आणि कीटकनाशकं रांगेत असतात. गणपतीची मूर्ती घेऊन कुणी जात नाही.

चाचणीला घ्यायची ती २४ तासांच्या आत जन्मलेली पिल्लं. डॅफ्नियाच्या माद्या सुखाच्या दिवसांत नराविनाच पिल्लं देतात, त्यामुळे सगळी एकसारखी, जवळजवळ एकाच साच्यातली मिळतात. एका मात्रेला किमान वीस पिल्लं, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत. प्रत्येक पिल्लाला निदान दोन मिलिलिटर पाणी. मात्रा किमान पाच, चढत्या क्रमाने, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना २.२ पटींपेक्षा मोठी उडी नाही. शिवाय एक बीकर नुसत्या पाण्याचा, ज्यात काहीच घातलेलं नाही. तापमान १८ ते २२ अंश. ४८ तास खायला काही नाही. पिल्लू उचलायची पिपेट रुंद तोंडाची लागते आणि तिचं तोंड पाण्याखाली नेऊनच पिल्लू सोडावं लागतं. वरून टाकलं की कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू तरंगत राहतं आणि न मरता मेल्यात जमा होतं. नवख्या हातांचे बरेच आकडे इथेच बिघडतात.

चोवीस तासांनी आणि मग अठ्ठेचाळीस तासांनी पाहायचं. बीकर हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते ‘निश्चल’ धरायचं. मेलं की नुसतं गळून गेलं, हा प्रश्नच नियमाने बाजूला ठेवला आहे, आणि ते शहाणपणाचं आहे: तळ्यात न पोहणारं पिल्लू माशाच्या तोंडी जाणारच. निम्मी पिल्लं ज्या मात्रेला निश्चल होतात तो चाचणीचा मुख्य आकडा. नुसत्या पाण्यातलीच दहा टक्क्यांहून जास्त निश्चल झाली तर सगळा खेळ रद्द. शिवाय प्रयोगशाळेतली पिल्लं धडधाकट आहेत का हे पाहायला अधूनमधून त्यांना पोटॅशियम डायक्रोमेट देऊन बघतात. डॅफ्निया मॅग्नाची निम्मी पिल्लं त्यात २४ तासांत लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान थांबली पाहिजेत. त्याहून कणखर निघाली तरी शंका, नाजूक निघाली तरी शंका.

आता जिप्समकडे येऊ. १९९७ मध्ये डेव्हिड माउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या क्षारांची मोठी मोजणी प्रसिद्ध केली: सेरिओडॅफ्निया, डॅफ्निया मॅग्ना आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा, यांच्यावर कुठला आयन किती भारी पडतो याची. पोटॅशियम सगळ्यांत वाईट निघालं, त्यामागे बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम, मग क्लोराइड, आणि शेवटी सल्फेट. सोडियम आणि कॅल्शियमचा स्वतःचा म्हणावा असा वाटा दिसलाच नाही. कॅल्शियम सल्फेट लिटरला जवळजवळ दोन ग्रॅमपर्यंत नेलं तरी निम्मे प्राणी मेले नाहीत. त्याच्या फार पुढे जाताही येत नाही, कारण पाणीच ते घेईनासं होतं. डायक्रोमेटशी तुलना केली तर हा फरक हजारपटीचा आहे. नियमांतली साधी मर्यादा-चाचणी लिटरला १०० मिलिग्रॅमवर थांबते. तिथे जिप्सम सहज उत्तीर्ण होतं.

उलट कॅल्शियम नसलं तर डॅफ्निया हवालदिल होतो. तो दर दोन-तीन दिवसांनी कात टाकतो आणि कातीबरोबर बराचसा कॅल्शियम जातो. नवं कवच भरायला तो पाण्यातून ओढून घ्यावा लागतो. कॅनडातल्या ग्रॅनाइटच्या प्रदेशातली तळी आम्लवर्षा आणि जंगलतोडीमुळे कॅल्शियमला मुकली, आणि लिटरला दीड मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या पाण्यात डॅफ्नियाची प्रजा रोडावली. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर गाजलेला लेख आला होता. बंगळुरूही ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवरच बसलेलं आहे, पण इथल्या बोअरचं जड पाणी ज्यांनी गीझरच्या कॉइलवर पाहिलं आहे त्यांना कॅल्शियमच्या टंचाईची काळजी करायला नको.

तेव्हा ‘पीओपी हे विष आहे’ हे वाक्य, विष या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने, टिकत नाही. मला वाटतं बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावं; त्याने त्यांची बाजू लंगडी होत नाही. कारण आतापर्यंत आपण फक्त विरघळलेल्या भागाबद्दल बोललो.

कणांची परीक्षा वेगळी करावी लागते. रीत अशी: भुकटी ठरलेल्या मात्रेत पाण्यात घालून एक-दोन दिवस ढवळायची. अर्धं पाणी बारीक छिद्रांच्या, म्हणजे ०.४५ मायक्रॉनच्या, गाळणीतून काढायचं. अर्धं तसंच गढूळ ठेवायचं. दोन्हींत पिल्लं सोडायची. तिसऱ्या बीकरमध्ये तेवढ्याच बारीक कणांची, पण निरुपद्रवी मानलेली भुकटी, म्हणजे क्वार्ट्झ किंवा केओलिन. गाळलेल्या पाण्यात पिल्लं मजेत आणि गढूळ पाण्यात बेजार असतील, तर दोष रसायनाचा नाही, कणांचा. आणि क्वार्ट्झमध्येही तेवढीच बेजार असतील, तर दोष जिप्समचासुद्धा नाही. कुठल्याही धुळीने हेच झालं असतं.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. शाडूची माती हीदेखील खनिजाची भुकटीच आहे. ती विरघळत नाही, पण मूर्ती पाण्यात सोडली की ती झपाट्याने सुटी होते, हेच तिचं कौतुक. चिकणमातीचे सुटे कण मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे डॅफ्नियाच्या चाळणीला अगदी मापाचे, आणि ते दिवसचे दिवस पाण्यात अधांतरी राहतात. गढूळ मातीत डॅफ्नियाचं खाणं आणि प्रजनन घटतं, तर चक्रधर नावाचे त्याहून बारके जीव निवडून खातात म्हणून निभावतात, हे १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगांत नीट दाखवलं गेलं. म्हणजे नुसत्या ४८ तासांच्या बीकरमध्ये शाडू आणि पीओपी शेजारी ठेवले, तर शाडूच हरण्याची शक्यता मला जास्त वाटते. पीओपीचा गोळा तळाशी निमूट बसेल, शाडू सगळा बीकर दुधाळ करील.

यावरून शाडू वाईट असा निष्कर्ष काढणारा माणूस मात्र तळं विसरलेला असतो. बंगळुरूत सप्टेंबर हा वर्षातला सगळ्यांत पावसाचा महिना, आणि गणपती बहुधा त्याच सुमारास येतात. पहिल्या सरीबरोबर बांधकामांची लाल माती वाहून तळ्यात येते. इथल्या मॉयनाने गढूळ पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. गाळ आठवड्याभरात बसतो आणि मागे राहिलेली अंडी फुटतात. माती तळ्याच्या तळाशी जाऊन तळ्याचाच गाळ होते. म्हणून प्रयोग खरा करायचा असेल तर एक बीकर त्याच तळ्याच्या, त्याच दिवशीच्या, पण विसर्जनाआधीच्या पाण्याचा हवा. एरवी पावसाचा दोष मूर्तीच्या माथी मारला जाईल.

रंगाचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण त्यात संदिग्ध काही नाही. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, तांबं, जस्त ही मंडळी डॅफ्नियाला मायक्रोग्रॅमच्या हिशोबात भोवतात. तांब्याचे लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम मऊ पाण्यात पुरेसे होतात. जुन्या पिवळ्या रंगातला क्रोम यलो म्हणजे शिशाचं क्रोमेट. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. गंमत अशी, की जड पाण्यात धातूंचा जोर कमी होतो. कल्ल्यांवरच्या जागांसाठी कॅल्शियम धातूच्या आयनांशी चढाओढ करतो. म्हणजे पीओपीतून सुटलेलं कॅल्शियम त्याच मूर्तीच्या रंगातल्या तांब्याची धार थोडी बोथट करत असेल. पीओपीच्या समर्थकांनी हा मुद्दा अजून शोधलेला नाही, आणि शोधू नये हे बरं: कारण तेच रंग मातीच्या मूर्तीलाही लावले जातात, आणि प्रश्न रंगाचा आहे.

खरी गोम सल्फेटमध्ये आहे, आणि ती बीकरमध्ये कधीच दिसणार नाही. नियमाप्रमाणे चाचणी संपताना पाण्यात लिटरला किमान ३ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. बंगळुरूच्या किती तळ्यांच्या तळाशी तेवढा असतो? बेळंदूरचा फेस रस्त्यावर आलेला देशाने पाहिला, २०१७ आणि २०१८ मध्ये त्या तळ्याला लागलेल्या आगीही पाहिल्या. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडला होता. सांडपाण्याने प्राणवायू संपलेल्या गाळात असे जिवाणू असतात जे प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्याच्या वासाचा हा वायू डॅफ्नियालाच काय, माशालाही अगदी थोडका पुरतो. दुसरं म्हणजे सल्फाइड गाळातल्या लोहाला बांधून टाकतं, आणि त्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट सुटा होऊन वर येतो. फॉस्फेट म्हणजे शेवाळाची मेजवानी. निर्मळ पाण्यात निर्दोष ठरलेलं जिप्सम, आधीच कुजलेल्या तळ्यात असं आडवाटेने नुकसान करतं. मूर्तीचा गोळा महिनोन्‌महिने तळाशी बसून थोडं थोडं सल्फेट सोडत राहतो, आणि त्याचं हे सावकाश विरघळणंच इथे घातक ठरतं.

समुद्राचं गणित वेगळं आहे, हे मुंबईकरांसाठी सांगायला हवं. समुद्राच्या एका लिटरात मुळातच २.७ ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. तिथे मूर्तीतल्या सल्फेटचा हिशोब कुणी ठेवू नये. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर येणारे हातपाय आणि मुकुट, तो प्रश्न कचऱ्याचा आणि मन खट्टू होण्याचा आहे, विषबाधेचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीला सरसकट मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तिची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. जूनमध्ये, तज्ज्ञ समितीचा अहवाल आल्यानंतर, मूर्ती घडवायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, अशी रेषा ओढली. समुद्र, वाहती नदी आणि बंद तळं या तिघांना एकच निकष लावायचा का, हा प्रश्न या सगळ्यात मागे पडला असं मला वाटतं.

कृत्रिम कुंडाने प्रश्न सुटतो की एकवटतो, हेही पाहण्यासारखं आहे. समजा कुंडात दहा लाख लिटर पाणी आहे आणि त्यात दोन-दोन किलोच्या दोन हजार मूर्ती गेल्या. लिटरला चार ग्रॅम झाले: पाणी जिप्समने तुडुंब, वर तळाशी थर. तेच चार टन दहा कोटी लिटरच्या तळ्यात गेले असते तर लिटरला ४० मिलिग्रॅम. कुंड मुद्दाम दाट पाणी तयार करतं, आणि ते योग्यच आहे, कारण दाट केलेली घाण हाताळता येते. पण मग त्या पाण्याचं पुढे काय करायचं हे ठरलेलं हवं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीवर काढलेला तोडगा आता बऱ्याच घरांत माहीत आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची. मूर्तीच्या जवळजवळ वजनाइतकंच बायकार्बोनेट लागतं. दोघांची अदलाबदल होऊन खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, म्हणजे चक्क खत. हे खत एक किलो मूर्तीमागे पाऊण किलोहून थोडं जास्त मिळतं. रसायन म्हणून युक्ती सुरेख आहे. मात्र ते पाणी बागेत जायला हवं. चुकून गटारातून तळ्यात गेलं तर डॅफ्नियाच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. अमोनियमचा काही भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो आणि मारतो तो हाच. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असेल तर २५ अंशांना हा भाग अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास, ९ ला एक-तृतीयांशाहून जास्त. शेवाळाने भरलेल्या तळ्यात भर दुपारी सामू ९ च्या वर सहज जातो. सकाळी सुरक्षित असलेलं तेच पाणी तीन वाजता घातक होतं.

आपल्या कायद्यात हे जीव नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्यासाठी जैव-चाचणी आहे, पण ती माशांची: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. विसर्जनाआधी, दरम्यान आणि नंतर पाण्याचे नमुने घ्यायला केंद्रीय मंडळ सांगतं, त्यातही भर आहे तो सामू, प्राणवायू, गढूळपणा, क्षार आणि धातूंवर. आकडे सगळे पाण्याचे. पाण्यात कोण पोहतंय याचा रकाना नाही. आणि प्रयोगशाळेत चाचणी झालीच तर ती वीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत, थंड मुलखाच्या डॅफ्निया मॅग्नावर होणार. हलसूरच्या मॉयनाला विचारायचं तर २५ ते २८ अंशांना विचारायला हवं. तो लवकर वयात येतो, लवकर पिल्लं देतो, आणि २१ दिवसांच्या प्रजनन चाचणीत मॅग्ना जे सांगेल ते कदाचित आठवड्यात सांगेल.

ठरवलेले सुरक्षिततेचे ठोकताळेही खनिजांपाशी अडखळतात. तातडीच्या चाचण्यांतला सगळ्यांत लहान आकडा हजाराने भागायचा आणि ती सुरक्षित मात्रा मानायची, अशी युरोपातली रीत आहे. कीटकनाशकाला ती शोभते. जिप्समला लावली तर लिटरला जेमतेम दोन मिलिग्रॅम सुरक्षित ठरतं, आणि मग बंगळुरूची प्रत्येक बोअरवेल विषारी जाहीर करावी लागेल.

तेव्हा मला कुणी विचारलं, तर मी चाचणी तळ्यात करणार नाही, कल्याणीच्या तोंडाशी करीन. विसर्जन संपलं की कुंड रिकामं करण्याआधी दोन दिवस थांबायचं. चाचणीलाही ४८ तासच लागतात. शहरात मत्स्यालयवाल्यांकडे मॉयनाच्या वसाहती असतात, कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला त्या सांभाळता येतील. तुलनेच्या बीकरसाठी पाणी नळाचं घेतलं तर क्लोरीन उडून जाईपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर नुसत्या पाण्यातलीच पिल्लं आधी जातील. कुंडातलं पाणी तसंच एका ओळीत, गाळून दुसऱ्या ओळीत. गाळलेल्यात पिल्लं पोहली आणि न गाळलेल्यात अडकली, तर कुंडाला आणखी काही दिवस निवळू द्यायचं, मग वरचं पाणी सोडायचं आणि गाळ उचलायचा. दोन्हींत अडकली तर गाळलेल्या पाण्याचे आणखी दोन भाग करायचे. एकात चिमूटभर ईडीटीए घालायचा. ते धातूंना कवटाळून निष्प्रभ करतं, आणि पिल्लं सावरली तर आरोपी रंग. दुसरा भाग झिओलाइटच्या भुकटीतून गाळायचा, ती अमोनिया शोषून घेते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांच्याच कुळातली ही भुकटी. तिच्यातून गाळल्यावर पिल्लं पोहली, तर कुणीतरी बायकार्बोनेटची बादली कुंडात रिकामी केलेली आहे, किंवा कुंडाला कुठून तरी गटार जोडलेलं आहे. आणि बंगळुरूत मी आधी गटार शोधीन.